पीएसयू टेस्टर: ‘फेल’ म्हणाला तर ऐका, ‘पास’वर विसंबू नका

होम सर्व्हर बंद पडला की संशय थेट मदरबोर्डवर जातो. नवा बोर्ड मागवण्याआधी स्क्रीनवाला पीएसयू (पॉवर सप्लाय) टेस्टर लावून पाहावा. २४ पिनांचा आणि सीपीयूचा कनेक्टर जोडला की आकडे दिसतात. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्ये. पॉवर गुड, म्हणजे सप्लाय तयार असल्याचा सिग्नल, १०० ते ५०० मिलिसेकंदांत यायला हवा.

मेख अशी, की टेस्टर लोड जेमतेमच टाकतो. कपॅसिटर थकलेला सप्लाय इथे आरामात पास होतो आणि चार-सहा डिस्क एकदम फिरू लागल्या की मान टाकतो. त्यामुळे पुढची पायरी टळत नाही: डिस्क आणि कार्डं काढा, रॅमची एकच पट्टी ठेवा, बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. शक्यतो दुसरा सप्लायही लावून बघा. तरी पंखा हलला नाही, तर बोर्डच गेला असण्याची शक्यता जास्त.

बोर्ड बदलताना केसमधला जादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा धातूचा खांब) काढा, नाहीतर मागून शॉर्ट होईल. लिनक्स सुरू होऊनही नेटवर्कवर दिसत नसेल तर घाबरू नका. लॅन पोर्टचं नाव बहुधा बदललेलं असतं, कॉन्फिगमध्ये नवं टाका.

टेस्टर घ्यावा, पण मल्टिमीटर असेल तर अडत नाही.