समुद्राची म्हणून तळ्यातली कयाक माझ्या गळ्यात मारली, कृपया वाचा

मला कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी बोट, विकणारा तो माणूस परवा जाहिरातीत पुन्हा दिसला. फोटोतली बोट वेगळी होती, मजकूर मात्र अक्षरशः तोच: ‘परदेशी सी कयाक, दोनदाच वापरलेली, समुद्रासाठी तयार, सोबत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र.’ मागच्या वर्षी याच ओळीला भुलून मी सत्याहत्तर हजार रुपये दिले आणि मार्व्याच्या खाडीच्या तोंडावर जीव जाता जाता वाचले. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी बोरिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. मला पोहता येतं. पवई तलावात आणि मनोरीच्या खाडीत भाड्याच्या कयाकवर दोन हिवाळे वल्हं मारलं होतं. आता स्वतःची बोट घ्यायची, हळूहळू मोठ्या पाण्याची सवय करायची आणि एक दिवस मांडव्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबागला जायचं, एवढीच इच्छा होती.

भिवंडीजवळच्या एका गोदामात त्याने बोट दाखवली. निळी, चकचकीत, अर्धी प्लास्टिकात गुंडाळलेली. मी टेप लावून पाहिली तर लांबी जेमतेम दहा फूट आणि रुंदी एकोणतीस इंच. ‘समुद्रासाठी जरा आखूड नाही का?’ असं मी विचारलंही. तो म्हणाला, ‘मॅडम, जितकी रुंद तितकी सेफ. लांब बोटी रेसवाल्यांच्या असतात. यात बसून बघा, हलते का?’ मी बसले. गोदामाच्या फरशीवर ती अजिबात हलली नाही आणि माझी खात्री पटली.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि ती मला पैसे गेल्यावर कळली. रुंद, सपाट बुडाची बोट शांत पाण्यात पाटासारखी स्थिर वाटते, पण लाट आडवी आली की लाटेचा उतार तोच तिचा उतार होतो. समुद्राची कयाक साधारण चौदा ते अठरा फूट लांब आणि एकवीस ते चोवीस इंच रुंद असते. बसल्याबसल्या ती डगमगल्यासारखी वाटते, पण कुशीवर कलली तरी सावरायला वाव देते आणि लाटेत सरळ जाते. म्हणजे नवख्या माणसाला भिववते ती बोट समुद्राची, आणि धीर देते ती तळ्याची. हा विक्रेता नेमका त्या धीराचाच धंदा करतो.

त्याहून मोठी फसवणूक आतमध्ये होती. खऱ्या सी कयाकला पुढे आणि मागे आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. त्यांच्यामुळे दोन हवाबंद कप्पे तयार होतात. बोट उलटली तर पाणी फक्त बसायच्या जागेत शिरतं, उरलेली बोट तरंगत राहते. माझ्या बोटीला वर दोन काळी गोल झाकणं होती आणि ती दाखवून त्याने ‘वॉटरटाइट कंपार्टमेंट’ म्हणून सांगितलं होतं. सगळं घडून गेल्यावर घरी मी मागचं झाकण उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला, तर बोटं थेट माझ्याच सीटच्या पाठीला लागली. मध्ये भिंतच नव्हती. पुढचं झाकण तर बोट कापून नंतर स्क्रूने बसवलेलं होतं, आणि त्याच्याखाली पायांची पोकळी.

बोटीसोबत पंधरा हजारांचं ‘ओपन सी ट्रेनिंग’ होतं. तीन रविवार, तेही भरती पूर्ण होत असताना, खाडीचं पाणी आरशासारखं झालेलं. प्रशिक्षक धक्क्यावर उभा राहून फोटो काढायचा. एकदाही बोट उलटवायला लावली नाही, उलटल्यावर परत कसं चढायचं ते दाखवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘ही उलटतच नाही ताई.’ तिसऱ्या रविवारी लॅमिनेट केलेला कागद मिळाला: ‘खुल्या समुद्रात एकट्याने जाण्यास पात्र.’ बोटीच्या खोटेपणापेक्षा मला या कागदाची चीड जास्त आहे, कारण तो हातात नसता तर मी एकटी निघालेच नसते.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी निघाले. ‘चारनंतर निघा, ऊन उतरतं, बाहेर जाताना पाणीच नेईल,’ हा सल्लाही त्याचाच. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती. पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळे पाणी उधाणाचं. चारला ओहोटी ऐन जोरात. आणि मार्चमधल्या दुपारी मुंबईला समुद्रावरून वायव्येचे खारे वारे सुटतात, हे शाळेतल्या भूगोलापासून आपल्याला ठाऊक असतं. बाहेर ओढणारं पाणी आणि आत येणारा वारा खाडीच्या तोंडावर समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने माहीत होतं, पण ते एकत्र मांडून दाखवायचं काम प्रशिक्षकाचं होतं.

तोंडाशी पोचल्यावर बोटीचं नाक वाऱ्याकडे वळायला लागलं. मी सरळ करायची, ते परत वळायचं. एक लाट डावीकडून आली आणि बोट तिच्याबरोबर आडवी झाली. मी पाण्यात. बोट सरळ केली तर ती काठोकाठ भरलेली. एक लिटर म्हणजे एक किलो, अशी दीडदोनशे लिटर तरी असतील. मागचा भाग खाली गेला, नाक वर राहिलं. तीनदा चढले, तिन्ही वेळा ती पुन्हा बुडाली. लाइफ जॅकेट वर सरकून कानांपर्यंत आलं होतं. एका हाताने ते खाली ओढत आणि दुसऱ्या हाताने बोटीचं नाक धरून मी पाऊण तास होते. किनाऱ्यावरची माणसं दिसत होती, ऐकू कुणालाच जात नव्हतं.

एक कोळी काका आणि त्यांचा मुलगा छोट्या होडीतून परत येत होते, त्यांनी पाहिलं. ‘ताई, बोट सोडा, हात द्या,’ एवढंच म्हणाले. वर घेतल्यावर माझ्या अंगावर चादर टाकली आणि दोर बांधून कयाक ओढत आणली. धक्क्यावर ती उपडी करून ते म्हणाले, ‘ही तळ्यातली हाय. हिला दर्यावर कुनी आनलं?’ त्यांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

आता घ्यायला जाल तेव्हा मी न केलेल्या या गोष्टी करा. मोबाइलचा टॉर्च झाकणातून आत धरा आणि बसायच्या जागेतून पाहा. उजेड दिसला तर भिंत नाही. बोट साबणाच्या पाण्याने धुवायला लावा, कारण माझ्या बोटीची चमक तेलाची होती, ती गेल्यावर उन्हाने पांढरं पडलेलं प्लास्टिक उघडं झालं आणि बुडाच्या स्टिकरखाली वितळवून जोडलेली वीतभर चीर निघाली. या प्लास्टिकला पॉलिथिलीन म्हणतात, त्यावर डिंक धरत नाही, म्हणून ते वितळवून जोडावं लागतं. अमेरिकन बोट म्हणत असतील तर मागच्या टोकाजवळ कोरलेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मागा. त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची असतात, शेवटचे दोन अंक मॉडेलच्या वर्षाचे. माझ्या बोटीवर ती जागा घासलेली होती. लाइफ जॅकेटवर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो उचलून धरायची ताकद, आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. माझं नंतर उसवून पाहिलं तर आत टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पातळ फोम होता. आणि सगळ्यात आधी, बोट पाण्यात नेऊन विक्रेत्यासमोर उलटी करा. जो याला नकार देतो त्याला पैसे देऊ नका.

शिकवणाऱ्यालाही एकच प्रश्न विचारा: ‘पहिल्या दिवशी उलटवणार का?’ मी आता ज्यांच्याकडे शिकते त्यांनी पहिले चार दिवस दुसरं काही केलंच नाही. नंतर खाडीत वाऱ्यात, मग अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, पाणी थांबलेलं असताना, दोघातिघांच्या सोबतीने तोंडापर्यंत. सकाळी मतलई वारे बाहेर ढकलतात, म्हणून तेव्हाही किती लांब जायचं ते आधी ठरलेलं. वर्ष होत आलं, मी अजून जवळच्या अक्सा किनाऱ्यापुढे गेलेले नाही, आणि मला घाई नाही.

पैशांचं म्हणाल तर ते यूपीआयने तीन वेगवेगळ्या नावांवर गेले होते आणि बिल नव्हतं. तक्रार केल्यावर तो म्हणाला, ‘तुम्हाला चालवता आली नाही.’ मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, पोलिसांत लेखी अर्ज दिला. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, त्याचे मेसेज आणि तो कागद सगळं जोडलं आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर लगेच फोन करा, मी तीन आठवडे त्याच्या ‘बघतो, करतो’वर घालवले.

निळी बोट अजून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवलेली आहे. गेल्या महिन्यात एका मुलाने पंचवीस हजार देऊ केले. कुठे नेणार विचारलं तर म्हणाला, ‘काशीदला, काकू.’ मी त्याला झाकण उघडून आत हात घालायला लावला.