३८० रुपयांचा लोकल फॅन बेल्ट, आठ महिन्यांनंतर

जुलैत याच बेल्टला मी एक तारा दिला होता. आज चार देतोय. मधल्या काळात बेल्ट बदललेला नाही, तोच आहे. अक्कल मला उशिरा आली.

गाडी २००४ ची डिझेल जीप, मुक्काम लातूर. एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), वॉटर पंप (इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारा) आणि फॅन. जूनचा पहिला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारताच गाडी अशी किंचाळली की समोरच्या काकू पोळपाट घेऊनच गॅलरीत आल्या. मिनिटभराने आपोआप गप्प. मग हे रोजचंच झालं. शाळेत पोरं माझ्या पाठीमागे 'कुईंऽऽ' करायला लागली.

मेकॅनिकने बॉनेट उघडून पाच सेकंद पाहिलं आणि म्हणाला, "बेल्ट गेला, सर." जुना पट्टा आतून तडकलेला होता, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. दुकानात कंपनीचा ७४०, लोकल ३८०. मी लोकल घेतला. बसवणावळ १००. तीन आठवडे गाडी शांत, चौथ्या आठवड्यात पुन्हा किंकाळी, आधीपेक्षा मोठी. त्याच रागात तो एक तारा दिला होता. मेकॅनिकही "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं" म्हणून मोकळा. टामी (लोखंडी दांडा) घालून पट्टा ताणून दिला, पुन्हा १०० घेतले, आणि बरोब्बर तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

आता त्या स्प्रेबद्दल. बेल्टवर मारायचा स्प्रे, २६० रुपये. मारला की दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी त्या चिकट थरावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बसते, आणि पट्टा गुळाच्या ढेपेवर घासून काढल्यासारखा दिसतो. हा स्प्रे म्हणजे ताप आलेल्या माणसाचं थर्मामीटर फोडून टाकणं आहे. पट्टा का घसरतोय ते कळायच्या आधी आवाज तेवढा दाबतो. माझे २६० गेले, तुमचे वाचवा. मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर अल्टरनेटर ओव्हरहॉल, पुली (पट्टा जिच्यावर फिरतो ती खाचेची चकती), दोन बेल्ट मिळून ८,२०० चं एस्टिमेट. "वॉटर पंपही बघावा लागेल" हे वर. नमस्कार करून परत आलो.

शेवटी गल्लीतले मामा. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांना विचारायला मला संकोच वाटत होता. ते म्हणाले, "आवो सर, पट्टा वरडायलाय म्हणून पट्ट्यालाच कशाला बदडायलाव? पाण्याची बाटली आणा."

२०१६ ला मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्यानं लातुरात घागरीने मोजून भरलंय, त्याला इंजिनावर पाणी ओता म्हटलं की पोटात कालवतं. पण लागलं अर्धं झाकण. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, आवाज आला की पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबून चार थेंब. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुली एका रेषेत नाही, आणि तो आवाज बहुधा चिमणीसारखा चिवचिव असतो. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे, घसरतोय. माझा वाढला. (सदऱ्याची बाही, उपरणं, ओढणी लांब ठेवा. फॅन विचारून ओढत नाही.)

सकाळीच का ओरडायचा, हेही तेव्हा कळलं. स्टार्टरने बॅटरीतून ओढलेलं अल्टरनेटर लगेच भरून काढायला लागतो, तेव्हा त्याची पुली जड होते. त्यात ढिला पट्टा आणि पावसाळी दमट हवा. मिनिटभराने भार उतरतो, आवाज जातो, आणि आपल्याला वाटतं गाडी तापली की बरी होते. पण त्याच पट्ट्यावर वॉटर पंप आहे. ऑगस्टमध्ये अंबाजोगाईला जाताना चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला होता, तो मी उन्हावर ढकलला होता.

मग इंजिन बंद करून मामांनी दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने पट्टा दाबला. साधारण १० मिलिमीटर दबायला हवा, माझा दोन बोटं आत गेला. अल्टरनेटर ज्या खाचेच्या पट्टीवर सरकवून आवळतात, तिचा बोल्ट त्यांनी फिरवला तर तो आवळायच्या ऐवजी नुसता फिरतच राहिला. आटे गेलेले. दर वेळी टामीने ताणलेला पट्टा तीन आठवड्यांत बोल्ट सरकून ढिला व्हायचा. नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैल पडतोच, तेव्हा पुन्हा ताण बघायचा असतो, पण इथे धरून ठेवायलाच कुणी नव्हतं. नवा बोल्ट, नट आणि स्प्रिंग वॉशर मिळून १५ रुपये. स्प्रेची घाण साबणाच्या पाण्याने पुलीवरून काढायला मात्र अख्खी दुपार गेली.

जास्त आवळण्याचा मोह मला झाला, मामांनी हातावर चापटी मारली. पट्टा तारेसारखा ताणला की आवाज जातो आणि वॉटर पंपाचं, अल्टरनेटरचं बेअरिंग मरतं.

ऑक्टोबरपासून आज फेब्रुवारीपर्यंत एकदाही 'कुईं' नाही. मागच्या रविवारी बेल्ट उतरवून पाहिला. तडा नाही, आतून धागे सुटलेले नाहीत, कडा थोड्या चकाकतात. पुलीच्या खाचेचा तळ मंद आहे, चकाकत नाही, हे बघून बरं वाटलं, कारण पट्ट्याने कडांनी धरायचं असतं. तळ आरशासारखा झाला असता तर पट्टा खाली बसतोय, म्हणजे माप चुकलंय किंवा पुली झिजलीय.

मग पाचवा तारा का नाही? कारण बेल्टवरचा छापलेला नंबर तीन महिन्यांत पुसून गेला. रुंदी किती, लांबी किती, आता काही वाचता येत नाही. ७४० वाल्याचा छाप टिकतो का, माहीत नाही, आणि ते बघायला मी ७४० देणार नाही. पावती सापडली म्हणून माप मिळालं. ते बॉनेटच्या आतून मार्करने लिहून ठेवलंय, खाली बोल्टचं मापही.