धरमपेठेतला रेडिओ-लेखनाचा वर्ग: शनिवार वसूल, रविवार पाण्यात

काटोलकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी मी दर आठवड्याला पाच मिनिटांचा बोलका निरोप रेकॉर्ड करून पाठवतो. फवारणी, पाणी, बहार, बाजारभाव असं सगळं त्यात असतं. लिहून काढतो आणि वाचतो. लोक दीड मिनिटात बंद करतात, हे त्यांनीच तोंडावर सांगितलं होतं. म्हणून नागपूरच्या धरमपेठेत शनिवार-रविवार रेडिओसाठी लिहायला शिकवणार असं कळलं, तेव्हा अठराशे रुपये भरून टाकले. आयोजकांचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. त्या भागात दोन-तीन ठिकाणी चौकशी केली की कळेलच.

शनिवार एका बाईंचा. आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून खणखणीत. सिव्हिल लाइन्सचं नागपूर केंद्र १९४८ पासूनचं. तिथली जुनी शिस्त बाईंच्या कागद धरण्यातसुद्धा दिसते. सुरुवात त्यांनी कागदापासूनच केली. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, ओळींत भरपूर अंतर ठेवायचं, पान संपताना वाक्यही संपलं पाहिजे. अर्धं वाक्य पुढच्या पानावर गेलं की वाचणारा पान उलटताना अडखळतो, आणि कागदाची सळसळ माइक आधी पकडतो. पानांना पिन मारायची नाही, एकेक पान वाचून झालं की हळूच बाजूला सरकवायचं. मला हे सगळं फालतू वाटत होतं. मग त्यांनी एका पोरीला पिन मारलेली पानं वाचायला लावली आणि ते रेकॉर्डिंग ऐकवलं. पुढे कोणी वाद घातला नाही.

सगळ्यात कामाचा तास जेवणानंतरचा. प्रत्येकाने आपलं लिखाण आणायचं होतं. मी डिंक्यावरचा, म्हणजे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतो त्या रोगावरचा, मजकूर नेला होता. त्यातलं वाक्य असं: ‘डिंक्या रोगाच्या व्यवस्थापनासाठी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर झाडाच्या बुंध्यास जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम (१:१:१०) लावावे. टीप: लोखंडी भांडे वापरू नये.’

बाई म्हणाल्या, “दादा, हे पत्रक झालं. आता हा कंस वाचून दाखवा.”

मी वाचलं, “एकास एकास दहा.”

“काय एक? कशाचं दहा?” मागच्या बाकावरचे एक काका हसले. बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “तुम्ही शेतकरी आहात असं समजा. रेडिओ बांधावर वाजतोय, हात मातीत आहेत. लोखंडी बादलीचं तुम्हाला कधी कळलं?”

“मोरचूद बादलीत पडल्यावर,” काका म्हणाले. मोरचूद म्हणजे या मलमातलं तांब्याचं क्षार, ते लोखंडी भांड्यात चालत नाही.

मुद्दा तिथेच कळला. छापील कागदावर नजर मागे नेता येते, टीप शेवटी असली तरी चालते. कानाने ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. हात ज्या क्रमाने काम करणार, त्याच क्रमाने वाक्यं आली पाहिजेत. तासाच्या शेवटी माझा मजकूर असा झाला: ‘संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतोय का? मग बोर्डो मलम लावा. आधी प्लॅस्टिकची भांडी घ्या, लोखंडी बादली नको. एका भांड्यात एक किलो मोरचूद विरघळवा. दुसऱ्यात एक किलो चुना. पाणी दोन्ही मिळून दहा लिटर. पुन्हा सांगतो: मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मग दोन्ही एकत्र करा. मलम जमिनीपासून कमरेच्या थोडं वरपर्यंत लावा. मृग लागायच्या आधी एकदा, पाऊस सरल्यावर पुन्हा.’

शब्द वाढले, पण ऐकायला आधीपेक्षा छोटं वाटतं. वेळेबद्दल बाईंचा हिशोब सरळ आहे: मराठीत मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द धरा, पण भरवसा घड्याळावरच ठेवा आणि मोठ्याने वाचून बघा. बातमी असेल तर कोण म्हणालं ते आधी, काय म्हणालं ते नंतर, कारण अवतरणचिन्हं ऐकू येत नाहीत. १९,८७,४५० असा आकडा आला तर ‘सुमारे वीस लाख’ म्हणून मोकळं व्हा. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ दिसलं की त्या लाल पेन काढतात.

नभोनाट्यासाठी, म्हणजे रेडिओवरच्या नाटकासाठी, त्यांनी संहितेचा साचा दिला. पात्राचं नाव डावीकडे, संवाद उजवीकडे, आणि प्रत्येक पानावर संवादांना नव्याने क्रमांक, म्हणजे निर्माता काचेपलीकडून ‘पान तीन, सात पासून’ एवढंच म्हणू शकतो. इंग्रजी संहितेत ध्वनिसंकेत कॅपिटल अक्षरांत लिहितात. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून आपण त्याखाली रेघ मारायची. १९२४ साली बीबीसीवर खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक झालं, ते कोळशाच्या खाणीत घडतं आणि सुरुवातीलाच दिवे जातात. पात्रांनाही दिसत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. बाई म्हणाल्या, आपल्याकडे सावनेरला जमिनीखालच्या खाणी आहेत, मग तुम्ही दिवाणखान्यातच का अडकता? त्यावर एका पोट्ट्याने तिथेच दोन पानं लिहिली. वऱ्हाडी बोलणारे दोन खाणकामगार, एकाला खोकला. कोण बोलतोय हे खोकल्यावरून कळत होतं, नाव घ्यायची गरजच पडली नाही.

रविवारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शिकवणारा जाहिरातवाला होता, हुशार असेल, पण तीस सेकंदांच्या जाहिरातीपलीकडे गेलाच नाही आणि त्याचे सगळे नमुने हिंदीत. ध्वनिपरिणाम म्हणून इंटरनेटवरून उतरवलेला पाऊस ऐकवला, तो थेट भजी तळल्यासारखा. कोणीतरी तसं बोललंही, तर म्हणाला, “संगीत टाकलं की झाकून जातं.” आदल्या दिवशी बाईंनी जे शिकवलं त्याच्या बरोबर उलट.

खरी तक्रार स्टुडिओची. जाहिरातीत ‘प्रत्येकाचं स्टुडिओत रेकॉर्डिंग’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात त्याच हॉलमध्ये, डोक्यावर पंखा फिरत असताना, मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. खिडकीतून भाजीवाल्याची हाक येत होती, ती माझ्या डिंक्यावरच्या निरोपात आजही आहे. विचारलं तर ‘स्टुडिओ ऐनवेळी मिळाला नाही’ एवढंच उत्तर. पैसे परत करण्याबद्दल अवाक्षर नाही. निदान बाईंच्या नजरेखालून प्रत्येकाचा दुसरा मसुदा गेला असता तरी चाललं असतं. तेही नाही, कारण रविवारी बाई नव्हत्याच. चहा आणि तर्री-पोहे मात्र दोन्ही दिवस उत्तम. तर्री जरा जास्तच तिखट, पण ते आपल्याला चालतं.

भाषणं, निवेदनं, सल्ल्याचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी नक्की जावं. शाळेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांनाही उपयोग होईल. जाहिरात शिकायची असेल किंवा रेकॉर्डिंगचं तंत्र हवं असेल, तर हे अठराशे दुसरीकडे लावा. पैसे भरण्याआधी स्टुडिओचं लेखी घ्या आणि दोन्ही दिवस बाईच शिकवणार का ते विचारा. नुसत्या शनिवारची अर्धी फी घेता का, हेही विचारून बघा. मला ‘नाही’ म्हणाले, पण मागच्या बाकावरच्या काकांना म्हणे ‘बघू’ म्हणाले आहेत.