ढेकूण की खरूज? फवारणी आधी करायची की डॉक्टर आधी गाठायचा

रात्री खाज सुटते, सकाळी अंगावर लाल गांधी दिसतात. मग कोणी फवारणीवाल्याला फोन करतं, कोणी मेडिकलमधून मलम आणतं. ढेकूण असताना मलम चोळून काही होत नाही आणि खरूज असताना अख्खं घर फवारूनही होत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एवढंच ठरवायचं: किडा घरात राहतोय की कातडीत?

नुसती गांध पाहून हे ठरत नाही. एकाच ढेकणाचा चावा एकाला मोहरीएवढा उठतो, दुसऱ्याला रुपयाएवढा, तिसऱ्याला उठतच नाही. त्यामुळे एकाच गादीवर झोपणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकालाच गांधी असतील, तरी ढेकूण नाहीत असं समजू नये.

जागा मात्र बरंच सांगते. ढेकूण उघड्या अंगाला चावतो: मान, चेहरा, खांदे, हात. तो एकाच फेरीत शेजारी-शेजारी दोनतीनदा सोंड खुपसतो, म्हणून गांधी पुष्कळदा ओळीत दिसतात. खरजेचा माइट, म्हणजे कातडीत शिरणारा बारीक किडा, बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, बेंबीभोवती, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, स्तनाग्रांभोवती आणि लिंगावर घर करतो. मोठ्या माणसाचा चेहरा सहसा सुटतो. तान्ह्या बाळांना मात्र तळहात, तळपाय आणि डोक्यावरही पुरळ येतं. बेचक्यात टॉर्चचा उजेड तिरपा मारून पाहा. काही मिलिमीटर लांबीची बारीक नागमोडी रेघ दिसली, तर ते मादीचं बीळ. मादी जेमतेम 0.4 मिलिमीटरची असते, डोळ्यांनी ती शोधत बसू नका.

खरूज पहिल्यांदा होते तेव्हा खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर घरातल्या इतरांना ती लागलेली असते आणि मूळ संसर्ग कुठून आला हे कोणाला आठवत नाही. आधी होऊन गेली असेल तर एक ते चार दिवसांतच खाजवायला लागतं. अलीकडे चारपाच दिवस परगावी राहणं झालं असेल तर आठवून पाहा. तिथे नव्या गांधी उठल्या नसतील तर किडा घरात आहे. खरूज तुमच्यासोबत प्रवास करते.

ढेकणांचा पुरावा गादीतच सापडतो. गादीच्या शिवणी, दिवाणाचे सांधे, स्क्रूची भोकं, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, स्विचबोर्डाची फट तपासा. काळे ठिपके दिसले तर ओला कापूस फिरवा. तपकिरी-तांबडं पसरलं तर ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. जोडीला फिकट कात आणि एक मिलिमीटरची पांढरी, चिकटलेली अंडी मिळतात. वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, पण नुकतं बाहेर आलेलं पिल्लू दीड मिलिमीटरचं आणि जवळजवळ पारदर्शक असतं.

ढेकूण ठरला तर

पहिली गोष्ट, बिछाना दुसऱ्या खोलीत हलवू नका. तसं केलं की दोन खोल्यांत ढेकूण होतात. चादरी, अभ्रे, पांघरुणं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधूनच मशीनपर्यंत न्या आणि 60 अंशांवर धुवा. दिवाणाच्या सांध्यांत वाफ सावकाश फिरवा, लोखंडी खाट असेल तर सांध्यांत उकळतं पाणी ओता. गादी नुसती उन्हात टाकणं अपुरं पडतं: वरचा थर तापतो, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

फवारणी करवणार असाल तर दुसरी फेरी दरातच धरली आहे का, हे आधी विचारा. अंडी औषधाला दाद देत नाहीत आणि साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फवारावंच लागतं. बाजारातल्या साध्या स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड औषधांना ढेकूण पुष्कळ ठिकाणी सरावले आहेत. ते मरत नाहीत, नुसते पांगतात.

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसं मारतो, शेजारच्या फ्लॅटमध्येही शिरतो आणि त्यावर उतारा नाही. रॉकेल शिंपडण्याने आगीचा धोका तेवढा वाढतो.

खरूज ठरली तर

नेहमीचं औषध म्हणजे 5 टक्के परमेथ्रिनचं मलम. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं. एक ट्यूब चौघांत पुरवली की उपचार फसलाच. रात्री कोरड्या, थंड अंगाला हनुवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत लावा, नखांखाली आणि बेंबीतही. आठ ते चौदा तास राहू द्या. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. सात दिवसांनी हेच पुन्हा.

सगळ्यात जास्त फसतं ते इथे: घरातल्या प्रत्येकाने, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायला हवं. आजी किंवा कॉलेजातून आलेला मुलगा सुटला, की महिन्याभरात सगळ्यांना परत. मागच्या तीन दिवसांतले कपडे, टॉवेल, चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बंद ठेवा. माणसापासून तुटलेला माइट दोनतीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, म्हणून घर फवारायची गरज नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या डॉक्टर वजनावरून देतात, गरोदर स्त्रियांना आणि 15 किलोंखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. तान्ह्या बाळाला कुठलंही औषध डॉक्टरांना विचारूनच.

माइट मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. ती पाहून रोज मलम चोळू नका, कातडी आणखी चिडते. नवी बिळं दिसली तरच उपचार फसला असं माना. आणि मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम नको: खाज दबते, पुरळाचं रूप बदलतं, माइट वाढत राहतात, आणि पुढे डॉक्टरलाही ओळखणं अवघड जातं.

दोन्ही नसेल तर

गांधी घोट्यापासून गुडघ्याखालीच असतील आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पिसवांचा संशय घ्या. पांढरे मोजे घालून खोलीत फिरा, उड्या मारणाऱ्या पिसवा मोज्यांवर दिसतात. इलाज प्राण्यापासून सुरू होतो. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजरीला लावू नका, तिच्या जिवावर बेतू शकतं.

एसीच्या मागे किंवा खिडकीत कबुतराचं घरटं होतं आणि पिल्लं उडून गेल्यावर खाज सुरू झाली, तर पाखरांचे माइट आत आले आहेत. ते माणसावर वस्ती करत नाहीत. घरटं मास्क घालून, आधी ओलं करून काढलं आणि फट बुजवली की बहुधा भागतं.

खाजेपेक्षा ताप महत्त्वाचा असतो. पावसाळ्यात गवतात, शेतात वावरल्यावर ताप आला आणि काखेत, जांघेत, कमरेला किंवा कानामागे न दुखणारी काळी खपली दिसली, तर स्क्रब टायफस असू शकतो. तो चिगर माइटच्या अळ्यांमुळे होतो, 2018 साली नागपूर आणि विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस लवकर सावरतो, उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं बिघडतात. खपली डॉक्टरांना स्वतःहून दाखवा, कपड्यांखाली ती राहून जाते.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, सावंतवाडी भागात किंवा गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागेत, रानात जाणाऱ्यांनी बारीक गोचीड हलक्यात घेऊ नये. माकडताप त्यातून होतो. अंगाला चिकटलेली गोचीड जाळू नका, तिच्यावर रॉकेलही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती तारीख सांगा.