पाणी शुद्ध करणारी स्ट्रॉ : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली ही स्ट्रॉ गडांवरच्या भटकंतीत माझ्या सॅकमध्ये असते आणि एरवी घरातल्या आपत्कालीन पिशवीत. आतल्या पोकळ तंतूंची छिद्रे ०.२ मायक्रॉनची असल्याने कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडतात. गडावरच्या टाक्यातले निवळ पाणी थोडा जोर लावला की सहज तोंडात येते. शेवाळाचा वास मात्र तसाच राहतो, कारण या मॉडेलमध्ये कोळसा नाही.

गढूळ पाण्यात तिचा खरा कस लागतो. पावसाळी ओढ्याचे पाणी थेट ओढले, तर काही मिनिटांतच धार मंदावते, गाल दुखू लागतात आणि उलटी फुंकर मारून गाळ बाहेर काढावा लागतो. त्यामुळे पाणी आधी दुपदरी फडक्यातून गाळावे, शक्य असल्यास तुरटी फिरवून निवळू द्यावे. खोक्यावरचा, एकूण ४,००० लिटर पाणी गाळण्याचा आकडा अशा पाण्याला लागू पडेल, असे मला वाटत नाही.

पुराच्या वेळी केवळ हिच्या भरवशावर राहू नये, हे मात्र ठामपणे सांगावेसे वाटते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात किंवा २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये आला तसा पूर आला, की पाण्यात मैला मिसळतो. कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू या छिद्रांपेक्षा कितीतरी लहान असतात, तर लेप्टोस्पायरा हा जिवाणू असूनही इतका बारीक असतो की तो यातून निसटू शकतो. कीटकनाशके, डिझेल आणि खारेपणा यांवर तर हिचा काहीच इलाज नाही. म्हणून निवळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे आणि मग स्ट्रॉ लावावी. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी स्ट्रॉमध्ये अडतो, त्यामुळे ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते. इंधन हाताशी असेल, तर पाणी उकळणे केव्हाही उत्तम.

हिमालयात नेणाऱ्यांनी एकदा भिजलेली स्ट्रॉ रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावी, कारण ती गोठली की तंतूंना न दिसणारे तडे जातात. वापरानंतर फुंकून, झटकून आणि टोपण उघडे ठेवून ती नीट वाळवावी.

सासूबाईंना दमा आहे. त्यांनी दोन घोट ओढून स्ट्रॉ परत दिली. शिवाय हिच्यातून भात शिजवायला किंवा बाळाच्या दुधासाठी पाणी काढता येत नाही. घरच्या पिशवीत म्हणूनच आता तशाच तंतूंची गाळणी असलेली, दाबून पाणी काढायची पिशवी आणि क्लोरीनची बाटली ठेवली आहे. स्ट्रॉ माझ्या सॅकमध्येच राहील.