सर्व्हर आमचा, डेटा मात्र कंत्राटदाराच्या मशीनवर

अॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फाइलवर चालणारी वेबसाइट कुणाकडून करून घेत असाल, तर शेवटचं बिल देण्याआधी लिंक केलेली टेबलं कुठल्या मशीनवरच्या फाइलला जोडलेली आहेत ते बघाच. आम्हाला याच जागी फसवलं गेलं.

अॅक्सेसमध्ये दोन फाइली ठेवायची पद्धत आहे. एकीत क्वेरी (डेटा शोधण्याच्या सूचना) आणि लिंक (दुसऱ्या फाइलमधल्या टेबलांचे दुवे), दुसरीत खरा डेटा. लिंकमध्ये डेटाच्या फाइलचा पूर्ण पाथ साठवलेला असतो. त्यामुळे डेव्हलपमेंटवरून (साइट बनवायच्या मशीनवरून) प्रॉडक्शनवर (साइट प्रत्यक्ष चालते त्या सर्व्हरवर) जाताना डेटाची फाइल हलवून लिंक नव्याने जोडाव्या लागतात. काही मिनिटांचं काम. कंत्राटदाराने त्याचे पैसे ‘मायग्रेशन’ म्हणून वेगळे घेतले आणि केलं मात्र काहीच नाही. पहिली फाइल आमच्या सर्व्हरवर टाकली, डेटाची स्वतःच्या डेव्हलपमेंट मशीनवरच ठेवली. देखभालीसाठी म्हणून घेतलेल्या व्हीपीएनवरून (त्याचं आणि आमचं मशीन जोडणाऱ्या खाजगी जोडणीवरून) आमची साइट रोज त्याच्या शेअर फोल्डरमध्ये लिहीत होती. पानं उघडायला वेळ लागतो अशी तक्रार केली, की उत्तर ठरलेलं: ‘अॅक्सेस असंच चालतं.’

करार संपला, त्याने व्हीपीएन बंद केलं आणि साइट कोसळली. एररमध्ये ‘हा पाथ वैध नाही’ असं होतं, आणि त्या पाथमध्ये चक्क त्याच्या मशीनचं नाव. बॅकअप उघडले तर प्रत्येकात नुसत्या लिंक, एकही नोंद नाही. डेटा मागितला तेव्हा त्याने ‘रिकव्हरी’चं नवं बिल पुढे केलं. आमचाच डेटा!

नजरचुकीने राहिलं, असं तो आजही सांगतो. मला ते पटत नाही. आमच्या आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) अॅप्लिकेशन पूलला, म्हणजे साइट ज्यात चालते त्या भागाला, त्याने मुद्दाम एक वेगळं खातं दिलं होतं. त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं त्याच्या मशीनवरही होतं आणि शेअरवर त्याला लिहिण्याची परवानगी होती. एवढी जुळवाजुळव नजरचुकीने होत नाही.

तपासणं सोपं आहे. फाइल अॅक्सेसमध्ये उघडा. लिंक केलेल्या टेबलाच्या चिन्हाशेजारी छोटा बाण असतो. लिंक्ड टेबल मॅनेजरमध्ये प्रत्येकाचा पाथ दिसतो. तो तुमच्याच सर्व्हरवरच्या फोल्डरचा हवा. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होत असेल, तर ती फाइल नेटवर्कवरून उघडली जातेय, मग ते मशीन कुणाचं ते विचारा. साइट चालू असताना डेटाच्या फाइलशेजारी .एलडीबी नावाची लॉक फाइल तयार होते (नव्या .एसीसीडीबी प्रकारात .एलएसीसीडीबी). ती तुमच्या सर्व्हरवर दिसायला हवी. सगळ्यात पक्की खात्री म्हणजे कंत्राटदारासमोर व्हीपीएन तोडा आणि साइटवर एक नवी नोंद करून बघा. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे थांबवा.

आम्हाला बिल भरावंच लागलं. फाइल मिळाली, लिंक जोडल्या, ते खातं काढून टाकलं. पण ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असलेली ती फाइल इतके दिवस त्याच्याकडे होती आणि तिची प्रत त्याने ठेवलीय का, हे कळायला मार्ग नाही. ग्राहकांना आम्ही तसं लेखी कळवलं आहे.