थंड प्रदेशात घरी एसी: एक उन्हाळा, एक हिवाळा आणि आउटडोअरखालचा बर्फ

एसी बसवून एक अख्खा उन्हाळा झाला आणि हिवाळाही आता संपत आलाय. थंडी सरल्यावर सावकाश लिहिणार होते, पण मध्यंतरी आउटडोअर युनिटमधून खडखड सुरू झाली आणि बसवणाऱ्या कंपनीशी जे फोन झाले, त्यानंतर राहवेना. मॉडेलचे आकडे कुठेही मिळतील. भिंतीवरचा इन्व्हर्टर स्प्लिट, थंड आणि गरम दोन्ही करणारा, गॅस आर-३२, एवढं पुरे. मला लिहायचंय ते खर्चाबद्दल, आणि त्यातही आउटडोअरमधून गळणाऱ्या पाण्याबद्दल.

वर्षातला मोठा भाग घर गरम ठेवण्यात जातो तिथे एसी कशाला, असं अनेकांनी विचारलं. जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला होता. त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ माणसं उष्म्याने दगावली आणि त्यातले जवळजवळ सगळे मृत्यू चार भिंतींच्या आत झाले. थंडीसाठी बांधलेलं घर ऊब धरून ठेवतं, आणि उन्हाळ्यात तेच अंगावर येतं. दिवसभराचं ऊन काचेतून आत शिरतं आणि रात्री बाहेर गार वारा सुटला तरी वरचा मजला तापलेलाच राहतो. घरात वयस्कर माणूस असेल तर हा चैनीचा विषय नाही.

कोटेशन आलं तेव्हा यंत्राची किंमत एकूण रकमेच्या निम्मीही नव्हती. बाकीचं सगळं भिंत, वीज आणि मजुरी. आमच्याकडे रेडिएटरमधून गरम पाणी फिरतं, हवेचे डक्ट नाहीतच, त्यामुळे सेंट्रल एसीचा विचारही केला नाही. भिंत जाड, आत इन्सुलेशन, आणि त्याच्या आतल्या अंगाला बाष्प अडवणारा प्लास्टिकचा थर. भोक पाडायला वेळ लागत नाही. पण तो थर भोकाभोवती पुन्हा नीट बंद केला नाही, तर घरातली दमट हवा भिंतीत शिरते, थंड भागावर तिचं पाणी होतं आणि आतलं लाकूड कुजू लागतं. आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने भोक बाहेरच्या बाजूला उतार ठेवून पाडलं, आत प्लास्टिकची नळी बसवली, दोन्ही तोंडं सील केली आणि थरावर टेप लावली. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावला आणि ५०० मायक्रॉनच्या (नळीत उरलेल्या हवेच्या दाबाचं माप) खाली गेलेला आकडा तसाच टिकतोय हे मला मीटरवर दाखवलं. हे तुम्हीही बघून घ्या. घाईतली माणसं थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात आणि पुढे निघतात. आत राहिलेला ओलावा नंतर कॉम्प्रेसरच्या मुळावर येतो.

विजेचं काम वेगळं. जुन्या बोर्डात नव्या ब्रेकरला जागा नव्हती, म्हणून बोर्ड बदलावा लागला आणि एसीसाठी स्वतंत्र लाइन ओढावी लागली. हा खर्च कोटेशनमध्ये नव्हताच, तो इलेक्ट्रिशियनने घरी येऊन सांगितला. जुनं घर असेल तर आधी बोर्ड उघडून दाखवा, मगच एसीच्या किमती बघा.

चाकांवरचा पोर्टेबल स्वस्त पडतो, बसवणुकीचा खर्चही नाही, हे खरं. पण एका नळीवाला पोर्टेबल खोलीतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच तापलेली हवा दार-खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. वीज जळते आणि गारवा मात्र पुरत नाही. ज्यांचं भाड्याचं घर आहे त्यांनी घ्यावा, इतरांनी त्यात पैसे घालू नयेत.

उन्हाळा संपला तेव्हा माझं मत असं होतं की यंत्र उत्तम, पण हिशेब बसत नाही. गारवा शांत, आवाज जवळजवळ नाही, रात्रीची झोप परत मिळाली. पण एसी खरोखर लागला तो मोजक्या आठवड्यांत, आणि बसवणुकीचा खर्च त्या तासांवर वाटला तर एकेक तास फार महाग पडत होता.

गारठा सुरू झाल्यावर हे मत बदललं. तेच यंत्र उलटं चालवलं की बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतं. बाहेर ७ अंश असताना चांगलं यंत्र एका युनिट विजेत साडेतीन-चार युनिट उष्णता देतं. साध्या हीटरमध्ये एका युनिटला एकच मिळते. माहितीपत्रकावर हाच ७ अंशांचा आकडा ठळक छापलेला असतो, म्हणून उणे ७ आणि उणे १५ चा तक्ता मागून घ्या. उणे १५ ला हे गुणोत्तर दोनच्या आसपास येतं आणि एकूण ताकदही बरीच घटते. गॅसचा बॉयलर असेल तर हिशेब सोपा आहे. विजेचं युनिट तेवढीच ऊर्जा देणाऱ्या गॅसच्या किती पट महाग आहे ते बिलावरून काढा. हा आकडा यंत्राच्या गुणोत्तरापेक्षा कमी असेल तोपर्यंत एसीने घर गरम करणं फायद्याचं. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल या काळात फायदा स्पष्ट दिसतो, कडक थंडीत बॉयलरच बरा. बसवणुकीचा खर्च गारव्याच्या तासांवर न वाटता वर्षभराच्या तासांवर वाटला की तो अंगावर येत नाही.

आता पाणी. गरम करताना बाहेरची कॉइल हवेपेक्षाही थंड असते, त्यामुळे तिच्यावर दव जमून गोठतं. यंत्र मधूनमधून काही मिनिटं उलटं चालतं, कॉइल तापवतं आणि तो बर्फ वितळवतं. यालाच डिफ्रॉस्ट म्हणतात. वितळलेलं पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि ट्रेच्या भोकातून बाहेर जातं. जायला हवं. सगळ्यात जास्त बर्फ कडाक्याच्या थंडीत धरत नाही, कारण ती हवा कोरडी असते. तो धरतो शून्याच्या आसपासच्या ओलसर दिवसांत. दुपारी ट्रेमधून धार लागते, रात्री पारा उतरतो आणि भोकातच पाणी गोठतं. पुढच्या डिफ्रॉस्टचं पाणी त्यावर साचतं, तेही गोठतं. सकाळी वाकून पाहिलं तर ट्रेमध्ये दुधी रंगाची लादी झाली होती, तिची कड पंख्याच्या पात्यापर्यंत चढलेली, आणि प्रत्येक फेरीला पातं तिच्यावर खरवडत होतं. खाली पायवाटेवर बर्फाचा वेगळाच थर, निसरडा. त्यावरून घरातलं कुणी घसरलं असतं तर?

कंपनीचं म्हणणं, ट्रे गरम ठेवणारी हीटरची तार ऐच्छिक आहे, तुम्ही मागितली नव्हती. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. गरम करण्यासाठी म्हणून विकलेलं यंत्र, तेही हिवाळ्यात पाणी गोठतं अशा ठिकाणी, आणि त्या पाण्याची सोय ऐच्छिक? भिंतीच्या भोकाला उतार देणाऱ्या माणसाने बाहेरच्या पाण्याचा विचार करायला नको? बरेच फोन झाले. शेवटी तार त्यांनी दिली, मजुरी आम्ही भरली. युनिटही जमिनीपासून वर, उंच स्टँडवर घ्यायला लावलं, म्हणजे पाणी खाली मोकळं पडेल आणि साचलेला बर्फ कॉइलला भिडणार नाही. ड्रेनला लावलेलं रबरी कोपर आणि नळी काढून टाकली. गरम प्रदेशात ती ठीक असते, इथे आतलं पाणी गोठून तीच बूच होते.

तारेचीही एक गोष्ट बघून घ्या. १०० वॉटची तार चोवीस तास चालू राहिली तर दिवसाला २.४ युनिट जातात. काही यंत्रांत बाहेर थंडी पडली की एसी बंद असला तरी ती चालूच राहते. ती फक्त डिफ्रॉस्टच्या वेळी आणि त्यानंतर थोडा वेळ चालेल, अशी सोय आहे का ते आधीच विचारा. आमच्या यंत्रात ती आहे.

आणि ट्रेमध्ये बर्फ साचलाच तर सळईने टोचू नका. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकतात आणि चुकून नळीला भोक पडलं तर सगळा गॅस जातो. यंत्र बंद करून वरून कोमट पाणी हळूहळू सोडा आणि खाली आलेलं पाणी गोठायच्या आत बाजूला लोटा.

यंत्र मी पुन्हा हेच घेईन. बसवणारे पुन्हा हे घेणार नाही. झोपायच्या खोलीसाठी दुसरं युनिट घ्यायचं ठरलंय, आणि उन्हाळ्याच्या गर्दीआधी म्हणून आत्ताच कोटेशनं मागवलीत. आलेल्यांपैकी एकानेच आपणहून विचारलं की हिवाळ्यात गरम करायला वापरणार का, आणि वापरणार असाल तर खाली पाणी कुठे पडू द्यायचं. त्याचं कोटेशन सगळ्यांत स्वस्त नाही. काम त्यालाच देणार आहे.